अंबूबाईंचा पंप

शेवटी अप्पांनी पंप ओढला, आई घरातून गेली आणि अप्पा वाचले.

असं काहीही झालेलं नाही. आई त्याच्या कितीतरी आधी वारली होती आणि वारलेलं माणूस घरातून पुन्हा एकदा जाऊ शकत नाही. अप्पांना तर काही झालंच नव्हतं, हे ते स्वतः सांगत. तेव्हा पहिलं वाक्य विसरा. मीही विसरलोय. झालं ते असं.

आम्ही के. आर. पुरमला राहतो, स्टेशनच्या मागच्या अंगाला. घरं एकमेकांना इतकी चिकटून आहेत की शेजारी फोडणी पडली की ठसका आम्हाला लागतो. अप्पा आणि आई मूळचे निपाणीकडचे. लग्न झाल्यावर इकडे आले आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अगरबत्त्या वळायला लागले. आई कोळशाची भुकटी चाळायची, अप्पा तिच्यात झाडाच्या सालीची चिकट पूड कालवून तिंबायचे, मग दोघं समोरासमोर बसून पाटावर काड्या वळायची. संध्याकाळी दोघंही पापण्यांपर्यंत काळी. सगळ्यांच्याच आईवडिलांना जेवणाआधी धुवून घ्यावं लागतं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मी सर्जापूर रोडवरच्या एका कंपनीत टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, त्या पुन्हा घडवून दाखवायच्या, आणि समोरचा ‘माझ्या मशीनवर तर नीट चालतंय’ म्हणाला की हसरा चेहरा पाठवायचा. माझ्या पगारावर शेड बंद झाली. आईचा खोकला बंद झाला नाही.

आई कशाने गेली, असं कुणी विचारलं की आम्ही दमा म्हणतो. दमा हे आमच्या घरात निदान नव्हतं, स्वभाव होता. अमक्याला राग येतो, तमक्याला विसरायला होतं, आईला, म्हणजे अंबूबाईंना, दमा. जिना चढताना ती मध्येच थांबायची. ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तशी हवा सोडायची. आणि प्रत्येक श्वासाच्या टोकाला एक बारीक शिट्टी. तोंडाने ओढायच्या पंपाचा विषय एकदाच निघाला होता. अप्पा म्हणाले, पंपाची सवय लागती, तो शेवटच्या पायरीवरच्या लोकांसाठी असतो. आईने मान हलवली आणि आडुळशाचा काढा उकळायला ठेवला. पुढे शेवटची पायरी आली ती इतक्या घाईत आली की पंपाची चौकशी करायला सवड झाली नाही.

वर्षश्राद्ध उरकलं. त्यानंतरच्या एका संध्याकाळी, दिवेलागणीला, अप्पा बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले होते आणि मी लॅपटॉपवर. तेवढ्यात शिट्टी वाजली. बारीक, लांब, शेवटाला किंचित वर जाणारी. दारात येऊन उभं राहिलेल्या माणसाने आत यावं की नको याचा विचार करावा, तशी.

अप्पांनी दाराकडे बघितलं. मीही बघितलं. दारात कुणी नव्हतं, आणि जे कुणी नव्हतं ते आईच्या उंचीचं होतं.

“आली बघ,” अप्पा म्हणाले. दोन नंबरच्या बसने येणारी पाहुणी तीन नंबरच्या बसने आल्यावर म्हणावं, तितक्याच सहज.

मी घाबरायच्या आधी तपासणी केली, ती माझी सवय आहे. पंखा बंद केला, शिट्टी चालू. खिडकी लावली, शिट्टी चालू. अप्पा खाली दूध आणायला गेले, शिट्टी बंद. अप्पा जिना चढून वर आले, शिट्टी चालू, आणि आधीपेक्षा मोठी. त्यावरून मी निष्कर्ष काढला की आई अप्पांच्या मागोमाग फिरतेय. हाताशी असलेल्या पुराव्यावरून तो काही अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. फक्त अंतर चुकलं होतं.

खालच्या मजल्यावर शिवलीला अक्का राहतात. त्या चिकोडीकडच्या, एका वाक्यात मराठी आणि कन्नड दोन्ही वापरतात आणि वाक्य संपेपर्यंत हात धरून ठेवतात. आमच्या गल्लीत मुलाचं बारसं, गाडीची पूजा आणि न दिसणाऱ्या गोष्टी हे तिन्ही विभाग त्यांच्याकडे आहेत. त्या वर आल्या, डोळे मिटून ऐकलं, आणि म्हणाल्या की अंबक्का गेलेलीच नाही, वाट चुकून इथेच घुटमळतेय, रोज तिन्हीसांजेला स्वल्प सांब्राणी घाला, आपसूक जाईल.

सांब्राणीचा धूप इकडे सगळेच घालतात. संध्याकाळ झाली की गल्लीतल्या प्रत्येक दुकानाच्या गल्ल्यावरून धुपाटणं फिरतं. त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी नारळाच्या करवंट्यांचे निखारे करायला शिकलो. अक्का वरून सांब्राणीचे खडे टाकायच्या आणि धूर वाया जाऊ नये म्हणून मी खिडक्या लावून घ्यायचो.

अप्पांना हे आवडलं नव्हतं. “अंबूला धूर सोसत नाही गं अक्का,” ते म्हणाले, “कशाला कोंडताय तिला?”

अक्का म्हणाल्या, सोसत नाही म्हणूनच तर घालायचा. या युक्तिवादातही खिडक्यांसारखीच फट नव्हती.

आठवड्याभरात शिट्टी वाढली. आधी संध्याकाळी यायची, आता सकाळीही यायला लागली. अक्कांना विचारलं तर त्या समाधानाने म्हणाल्या की तिला राग आलाय, म्हणजे लागू पडतंय. लागू पडण्याचा हा प्रकार मी ऑफिसातही पाहिलेला होता. आम्ही सांब्राणी दुप्पट केली.

याच सुमारास अप्पा आईची काळजी घ्यायला लागले. तशी ती जिवंतपणी घ्यायची राहून गेली होती. बाजारातून येताना जिन्याच्या वळणावर ते कठडा धरून उभे राहायचे आणि मागे बघायचे. “थांब की जरा. तिला दम लागतोय.” मग मीही थांबायचो, हातात फ्लॉवरची पिशवी घेऊन, एका रिकाम्या पायरीकडे बघत. वरून कुणी भाडेकरू उतरत असला तर तो भिंतीला चिकटून उभा राहायचा, आणि नक्की किती लोकांना वाट द्यायची हे न कळून जरा जास्तच वेळ उभा राहायचा.

पुढे सपाट रस्त्यावरही तिला दम लागायला लागला. मेट्रोचा खांब दिसला की अप्पा त्याला पाठ टेकून थांबायचे. मग देवळात जाणं बंद झालं, कारण तिला एवढं चालवत नाही. आंघोळ स्टुलावर बसून, कारण ती घाई करते. रात्री ते उशा रचून बसल्या बसल्याच डोळा लावायचे. विचारलं तर म्हणायचे, ती आडवी झालीय, मला जागा कुठाय. सकाळी उठल्यावर बराच वेळ खोकून बेसिनमध्ये कफ टाकायचे आणि बाहेर येऊन सांगायचे, तिची खोकल्याची वेळ आहे ही, तुला माहीतच आहे. जेवण अर्ध्यावर आलं. शर्ट ढगळ झाले. त्यांच्यातून जे जे कमी होत होतं ते सगळं आईच्या नावावर सांगितलं जात होतं आणि मला ते पटत होतं. मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलंय, हे इथे नमूद करतो.

खरं सांगायचं तर घर भरल्यासारखं वाटत होतं. मी आत दात घासत असायचो, बाहेर शिट्टी वाजत असायची. सोफ्यावर बसताना मी आपोआप कडेला बसायला लागलो. एकदा ऑफिसचा कॉल चालू असताना पलीकडून कुणीतरी विचारलं की तुझ्याकडे मागे कसला आवाज येतोय. मी म्हटलं, आई आहे. तो म्हणाला, नमस्कार सांग. मी सांगितला.

मग तो शुक्रवार. शुक्रवार असल्यामुळे अक्कांनी स्वतःचं मोठं पितळी धुपाटणं वर आणलं. धूर इतका दाटला की ट्यूबलाइट ढगाआडच्या चंद्रासारखी दिसायला लागली. अप्पा निपाणीच्या एका मामाबद्दल काहीतरी सांगत होते. सांगता सांगता वाक्याचे तुकडे पडायला लागले. आधी अर्ध्यावर श्वास, मग दर शब्दाला श्वास. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानाशी आलेले, मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या ताणलेल्या. आई शेवटी शेवटी अशीच बसायची. अगदी अशीच, याच खुर्चीत.

अक्कांनी हात जोडले. म्हणाल्या, अप्पांच्या अंगात आलीय. मग त्या समोर गुडघ्यांवर बसल्या आणि सरळ विचारलं, “कोण तू?”

“अं...” अप्पांनी श्वास ओढला, “...बू.” ते हाक मारत होते की उत्तर देत होते, मला आजही माहीत नाही.

“काय पाहिजे तुला?”

“खिड...” पुन्हा श्वास. “...की.”

अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या की झालं काम, खिडकीतून जाते म्हणतेय. आणि त्यांनी उठून तिन्ही खिडक्या सताड उघडल्या. अशा रीतीने त्या महिन्यात आमच्या घरात झालेला एकमेव योग्य उपचार भलत्याच रोग्यावर झाला.

धूर गेला. आई गेली नाही. ट्यूबचा उजेड मोकळा झाला तेव्हा मला अप्पांचे ओठ दिसले. ते शाई लागल्यासारखे होते. नखंही. आई गेली त्या दिवशी तिची नखं मी पाहिली होती आणि मेंदीचा उतरलेला रंग असेल असं समजलो होतो.

मी अप्पांना उचलून रिक्षात घातलं. ते इतके हलके लागले की मीच दचकलो. अक्काही चढल्या, कपाळाला लावायचा अंगारा मुठीत घेऊन. रिक्षावाल्याने आरशात एकदा बघितलं, कुठे जायचं ते विचारलं नाही आणि मीटरही टाकला नाही. बंगळूरमध्ये दुसरी गोष्ट नेहमीची आहे, पहिली नाही.

दवाखान्यात नर्सने अप्पांच्या तोंडावर मास्क बसवला. त्यातून पांढरी वाफ निघायला लागली. अक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, इथेही धूरच घालतात की. नर्सने सांगितलं की हे औषध आहे, आक्रसलेल्या नळ्या मोकळ्या करतं. शिट्टी आधी मोठी झाली, मग हळूहळू बारीक होत गेली. अप्पा एका शब्दावरून दोन शब्दांवर आले, दोनांवरून चारांवर, आणि अखेरीस उशी फार उंच आहे अशी पूर्ण वाक्यात तक्रार केली. तेव्हा मी बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकलं.

छातीच्या डॉक्टर दिव्यश्री म्हणून होत्या. माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी विचारलं, सिगरेट, बिडी? अप्पा म्हणाले, निपाणीत जन्मलो तरी हात लावला नाही. तंबाखूच्या गावात बिडी न ओढणं हे त्यांच्या आयुष्यातलं मोठं पदक आहे आणि ते त्यांनी तिथेही काढून दाखवलं. मग डॉक्टरांनी काम काय करायचात ते विचारलं. गावाकडे चूल होती का, ते विचारलं. शेवटी घरात आता कशाचा धूर असतो का, असं विचारलं. मी आणि अक्कांनी एकमेकांकडे बघितलं. कॅमेऱ्यात सापडलेली माणसं बघतात तसं.

त्या अप्पांच्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकत होत्या. मी म्हटलं, मला ऐकता येईल का. त्यांनी जरा विचार केला आणि कानातून काढून माझ्या हातात दिला.

मी तो लावला. आत आई होती.

तीच शिट्टी, शेवटाला किंचित वर जाणारी. इतक्या जवळून मी ती आई असतानाही ऐकली नव्हती. मी बराच वेळ कान लावून बसलो असणार, कारण डॉक्टरांनी मला स्टेथोस्कोप परत मागितला आणि तोही दोनदा.

या आजाराला सीओपीडी म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. बिडी ओढावीच लागते असं नाही. वर्षानुवर्षं नाकातोंडात गेलेली भुकटी आणि धूर पुरतो. नळ्या सुजून अरुंद होतात, हवा आत जाते आणि अडकून बसते, म्हणून सोडताना शिट्टी वाजते. जे फुप्फुस गेलं ते परत येत नाही, पण उरलेलं सांभाळता येतं. त्यासाठी रोज पंप, बरं वाटत असलं तरी, आणि एकदम दम लागला तर लगेच आराम देणारा दुसरा. औषध घशात न चिकटता छातीत उतरावं म्हणून पंपाला प्लॅस्टिकची नळकांडी लावायची, नंतर चूळ भरायची. जरा स्थिरावले की फुंकर मारून घेण्याची तपासणी, फ्लूची आणि न्यूमोनियाची लस, आणि रोज झेपेल तेवढं चालणं. ओठांचा चंबू करून हवा सोडतात ते बरोबर आहे, ते सोडू नका. आणि धूर अजिबात नाही. सांब्राणी नाही, मच्छरची कॉइल नाही, अगरबत्ती नाही.

शेवटच्या शब्दाला अप्पांनी मान खाली घातली. मग त्यांनी विचारलं, “पंपाची सवय लागती म्हणतात?”

“चष्म्याची लागते तेवढी,” डॉक्टर म्हणाल्या. कन्नडमध्ये म्हणाल्या, पण अप्पांना कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं.

“बायकांना पण होतो हा आजार?”

“खूप जणींना.”

“त्यांना पण पंपच देता?”

“हो. पंपच.”

समोरच्या भिंतीवर एक चित्र होतं, गुलाबी रंगाची दोन फुप्फुसं हात हातात धरून हसतायत असं. घरी निघेपर्यंत अप्पा त्याच्याकडे बघत राहिले.

पंप लागू पडला. या वेळी खरोखरच. काही आठवड्यांत अप्पा जिना एका दमात चढायला लागले, वळणावर थांबणं संपलं. जेवण वाढलं. उशांचा ढीग उतरून एका उशीवर आला. अक्का गल्लीत सांगत होत्या की खिडकी उघडली आणि गेली, मी स्वतः बघितली. आणि घरात शांतता पडली.

ती कशी होती हे सांगणं अवघड आहे. फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. स्टेशनवरची घोषणा शब्दासकट ऐकू यायला लागली, कोइम्बतूरची गाडी कुठल्या फलाटावर येतेय ते आम्हाला कळायला लागलं आणि आम्हाला तर कोइम्बतूरला जायचं नव्हतं. अप्पा चहाचे दोन कप भरायचे, एकाकडे बघत बसायचे आणि तो परत पातेल्यात ओतायचे. आई गेली तेव्हा ते रडले नव्हते, त्यांना पाहुण्यांच्या गाद्या बघायच्या होत्या. आता ते मटार सोलताना रडले. मी विचारलं तर म्हणाले, कांदा. घरात कांदा कापलेला नव्हता.

मग अमावास्येला शिट्टी परत आली.

आई अमावास्येची गेली होती. मी अप्पांना विचारलं, पंप घेतला? ते म्हणाले, घेतला की. दोन दिवसांनी शिट्टी गेली. पुढच्या अमावास्येला पुन्हा आली, या वेळी जास्त, बरोबर खोकलाही. ऑफिसात आम्ही याला अधूनमधून येणारी चूक म्हणतो. ही सगळ्यात वाईट. तिच्यामागे कुणाचा तरी हात असतो.

तिसऱ्या अमावास्येला मी दुपारीच ऑफिसातून निघालो. घरी आलो तर वर कुणी नव्हतं. पंप देव्हाऱ्याशेजारी होता आणि त्याच्यावर दोन दिवसांची तरी धूळ होती. मागच्या शेडचं दार उघडं होतं.

आत अप्पा आईच्या जागेवर बसले होते. पुढ्यात उरलेल्या कोळशाच्या भुकटीचं पोतं फोडलेलं, हातात तिची चाळण. ते चाळत होते. पत्र्याच्या भोकांमधून उन्हाचे दांडे आत आले होते आणि त्यांच्यात काळी भुकटी न पडता तरंगत होती. अप्पांचे केस काळे झाले होते. बऱ्याच वर्षांनी ते तरुण दिसत होते. आणि शिट्टी शेडभर होती.

“अप्पा.”

“हळू बोल. बसलीय.”

मी दारातच थांबलो. खरोखर क्षणभर थांबलो, कुणाच्या मध्ये येऊ नये म्हणून.

“पंप कधीपासून नाही घेतला?”

“परवापासून. पंप सोडला की येती. चाळण धरली की लगोलग येती.” प्रत्येक वाक्यानंतर ते फुंकर घालायचे.

“ती तुमची छाती आहे अप्पा. मी ऐकलीय.”

“मला कळत नाही व्हय? छाती माझीच आहे,” ते म्हणाले. “आवाज कुणाचा आहे ते सांग.”

चाळण हलत राहिली.

“तिला मी पंप घेऊ दिला नाही, मल्ल्या. सवय लागंल म्हणलो. आणि आता तोच पंप ओढून तिला बाहेर काढू? कुठल्या तोंडानं?”

माझ्याकडे समजावण्यासारखं पुष्कळ होतं. नळ्या, सूज, गुलाबी चित्र. त्यातलं काहीच तोंडात आलं नाही. आलं ते हे: “मग तिलाच द्या ना पंप. तेव्हा दिला नाही, आता द्या. ती तुमच्या छातीत बसलीय तर तिला गुदमरत ठेवून तुम्ही इथे भुकटी कसली चाळताय?”

चाळण थांबली.

अप्पा माझ्याकडे बघत होते. मी विनोद करतोय का, हे ते तपासत असावेत. मी करत नव्हतो. मलाच त्याचं आश्चर्य वाटत होतं.

“घेईल ती?”

“विचारून बघा.”

ते उठले, पोत्याचं तोंड हाताने मिटलं. मग म्हणाले, जाण्याआधी तो फोन काढ, आवाज भरून घे. मी फोन त्यांच्या छातीशी धरला आणि अप्पांनी फोटोसाठी उभं राहावं तसं उभं राहून श्वास घेतले. मग आम्ही ते लावून ऐकलं. पत्र्यावरचा कावळा होता. स्टेशनवरची घोषणा होती. माझं नाक ओढणंही स्पष्ट होतं. शिट्टी नव्हती. फोन हल्ली मागचा नको असलेला आवाज स्वतःच पुसून टाकतो. असल्याच सोयी तपासायचा मी पगार घेतो.

“ती फोनवर बोलायचीच नाही,” अप्पा म्हणाले. “तूच बोल म्हणायची.”

वर जाऊन त्यांनी हात धुतले, तोंड धुतलं आणि खुर्चीत ताठ बसले. मी पंप पुसून हलवला, नळकांडी लावली. अप्पांनी ती तोंडासमोर धरली, छातीतली हवा सगळी सोडली आणि त्या शेवटच्या हवेत म्हणाले, “घे, अंबू.”

दाबलं. सावकाश ओढलं. डोळे मिटून आत धरलं. मग चंबू करून सोडलं. थोडं थांबून पुन्हा तेच, पुन्हा तिचं नाव. लगेच आराम देणारा दुसरा पंपही तसाच, तिच्या नावाने.

शिट्टी आणखी थोडा वेळ होती. मग बारीक झाली. मग शेवटाला ती जी वर जायची, ती जाईनाशी झाली. नंतर एक श्वास आला आणि त्याच्या टोकाला काहीच नव्हतं. आम्ही पुढच्याची वाट पाहिली. पुढच्यालाही नव्हतं.

“बरं वाटलं असंल तिला,” अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. बाजूला घेऊन मी विचारलंही, की अगदी थोडी शिट्टी शिल्लक ठेवणारा एखादा डोस असतो का, आठवड्यातून एखादी संध्याकाळ. डॉक्टर हसल्या नाहीत. नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, असा डोस मागणारे तुम्ही पहिले, पण का मागता ते कळलं. अप्पांनी त्यांना पंप घेऊन दाखवला, नाव घेण्यासकट. त्या म्हणाल्या की तंत्र उत्तम आहे, दाबण्याआधी छाती रिकामी करायला लोक विसरतात, यांची नाव घेताना आपोआप होते.

शेड रिकामी केली. अक्कांनी धुपाटण्यात तुळस लावली आणि ती जगली नाही. अप्पा दोन्ही वेळा पंप घेतात, सकाळी आणि तिन्हीसांजेला. घे, अंबू. ती घेते, आणि जाते. मग ते दाराकडे तोंड करून बसतात. आता ते पूर्ण दमात मोठी मोठी वाक्यं बोलू शकतात, पण परवा एवढंच बोलले: “कुठं बसत असंल रे आता ती?”

माहीत नाही, असं मी आईबद्दल त्यांना कधी सांगितलेलं नाही. म्हणून योग्य त्या मार्गाने चौकशी सुरू केली आहे.

प्रति,
मा. सक्षम अधिकारी,
नेमणुका व बदल्या विभाग.
(कार्यालयाचा पत्ता कुणालाही सांगता आला नाही.)

विषय: कै. अंबूबाई देवाप्पा यांच्या बदलीबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर व्यक्ती काही काळ माझ्या वडिलांच्या छातीत कार्यरत होत्या. वैद्यकीय कारणास्तव ती जागा कायमची रद्द करण्यात आली आहे. त्यांच्या कामाबद्दल तक्रार नाही. तरी पती-पत्नी एकत्रीकरणाच्या धोरणानुसार त्यांची याच घरात, छाती वगळता, कोणत्याही रिक्त ठिकाणी नेमणूक करण्यात यावी. दाराची बिजागरी, न्हाणीघराचा नळ, कपाटाचं कुरकुरणारं दार यांपैकी काहीही चालेल. आवाज असावा, एवढीच अट आहे. एकत्रीकरण करताना माझ्या वडिलांना आपल्याकडे रुजू करून घेण्याचा पर्याय मात्र विचारात घेण्यात येऊ नये. तरी याबाबत योग्य ते आदेश तिन्हीसांजेपूर्वी व्हावेत, ही नम्र विनंती.